दाजींचं परत येणं

तापीच्या अलीकडे आणि पलीकडे मिळून आमच्या दाजींइतका बेसूर म्हणून गाजलेला गिटारवाला दुसरा झाला नाही, आणि मी ऐकलेल्या माणसांत त्यांच्याइतका सुराचा पक्का माणूसही दुसरा नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल खरी आहेत हे मी आजवर किती जणांना समजावून सांगितलं असेल. लोक ऐकून घेतात, मान डोलावतात आणि शेवटी विचारतात, "पण ते चुकायचे ना?" हल्ली मी सरळ हो म्हणतो. माणसानं कुठवर भांडत बसायचं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. मूळचे धुळ्याचे. जळगावात एका दालमिलमध्ये सुपरवायझर होते, त्यामुळे भुवयांवर सदैव तुरीची पिवळी पूड. लग्नाआधी ते भुसावळला रेल्वे कॉलनीत एका निवृत्त इंजिन ड्रायव्हरच्या घरी भाड्यानं राहत. त्या म्हाताऱ्या ख्रिस्ती साहेबाकडे ब्लूज नावाच्या गाण्यांच्या रेकॉर्डी होत्या. अमेरिकेतल्या काळ्या मजुरांनी आपल्या हालअपेष्टांवर रचलेली ही गाणी. शब्द दाजींना एकही कळत नव्हता, पण कोणीतरी फार सोसून आता थट्टेवर आलेलं आहे एवढं त्यांना बरोबर कळलं. साहेबानं त्यांना गिटार शिकवली आणि मुलाकडे परदेशी जाताना ती गिटार त्यांनाच देऊन टाकली. माझ्या मते त्या साहेबानं आमच्या अक्काच्या संसाराचं जे करायचं ते तिथेच करून ठेवलं.

कारण त्या रेकॉर्डींतली एकच गोष्ट दाजींच्या डोक्यात बसली होती, ती म्हणजे पट्टीच्या बाहेर जाणं. गाण्याची एक पट्टी ठरलेली असते. तिच्यातले सूर आपले, बाकीचे परके. दाजी मजेत आपल्या सुरांत वाजवत असायचे आणि मध्येच अख्खा तुकडा उचलून गिटारीवर एक पडदा वर सरकवायचे. घासात खडा आल्यासारखं व्हायचं. ऐकणारा तोंड वाकडं करतो न करतो तोच ते खाली उतरून घरच्या सुरावर असे येऊन टेकायचे, की मघाचाच तो सूर, पण आपल्याला त्याची एवढी गरज होती हे तेव्हा कळायचं. दाजींचं मराठी एरवी ऑफिसातलं, पण विषय गिटारीचा निघाला की ते अहिराणीवर जात. "भाईर जावाले कोनीबी जास, मास्तर," ते मला म्हणत, मी शाळेत गणित शिकवतो म्हणून. "परत येवाले अक्कल लागस."

ही अक्कल यायला त्यांना वर्षं लागली. सुरुवातीला ते बाहेर जात आणि खरोखरच हरवत, हेही सांगायला पाहिजे. अडचण अशी होती की बाहेर जायचं तर मागे कोणीतरी घरचा सूर धरून बसायला हवं. घरात पेटी नव्हती, तानपुरा नव्हता. अक्का होती. लग्नाआधी जिला आरतीत टाळी धरता येत नव्हती त्या माझ्या बहिणीला त्यांनी सा धरायला लावला. ती चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत एकाच सुरात "ऊं" करत बसे आणि हे बाजेवर बसून तिच्याभोवती वेडेवाकडे फिरून परत येत. शेजारीण एकदा अंगारा घेऊन आली. घरातली बाई दिवसभर कण्हते आणि नवरा शेजारी बसून तारा खाजवतो, यावर तिनं दुसरं काय करावं? अक्कानं अंगारा लावून घेतला, तिला चहा पाजला आणि ती गेल्यावर पुन्हा सा धरला. या कामाला कुणी संसार म्हणेल की नाही मला ठाऊक नाही. मला त्या वेळी फार राग यायचा.

पुढेपुढे बाहेर जाऊन परत येणं हा दाजींचा स्वभावच झाला. मिलपासून घर सरळ रस्त्यानं दहा मिनिटांवर, पण हे सायकल उलटी घालून नशिराबादच्या अर्ध्या वाटेपर्यंत जात आणि मग घरी येत. का, तर घर जास्त घर वाटतं. वरण-बट्टीच्या पंगतीत मध्येच जिलेबीचा तुकडा वांग्याच्या भाजीत बुडवून खात आणि पुढचा घास साध्या बट्टीचा घेऊन डोळे मिटत. वाढपी दुसऱ्या पंगतीत पळत. एकदा आमच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ वारले. त्यांचा मुलगा तीन दिवस दगडासारखा बसून होता. दाजी भेटायला गेले आणि चारचौघांत त्यांनी त्या म्हाताऱ्याच्या धोतराची एक फजिती सांगायला घेतली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मी तर दाराकडे सरकलो. फजिती रंगात आली, मुलाच्या ओठावर हसू आलं, आणि दाजी त्याच सुरात म्हणाले, "ते धोतर आता कोण नेसणार रे." मुलगा त्यांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. बाहेर आल्यावर लोक काय म्हणाले? सुतकात विनोद सांगतो, माणूस विक्षिप्त आहे, म्हणाले. शेवटचं वाक्य कोणाच्या लक्षातच नव्हतं.

दाजींच्या गिटारीचंही तेच झालं. सुटीच्या दिवशी ते जळगावातल्या एका ऑर्केस्ट्रा पार्टीत वाजवायला जात. पार्टीचे मालक स्वतः कीबोर्डवर असत. जन्मभर भजनात पेटी वाजवलेला सज्जन माणूस, पण कानाला सज्जनपणा एवढाच आधार. साउंडची बटणं त्यांच्या हाताशी. दाजी पट्टीबाहेर गेले की मालक दचकत आणि गिटारीचा आवाज बंद करून टाकत. दाजी इकडे परत येऊन घरच्या सुरावर टेकलेले असत, पण ते त्यांचं त्यांनाच ऐकू येई. शिरपूरपासून रावेरपर्यंत अख्ख्या खानदेशानं त्यांचं जाणं ऐकलं, येणं कोणी ऐकलंच नाही. शिरपूरला एका लग्नात मागून कोणीतरी ओरडलं, "त्या गिटारवाल्याले पानी पाजा." सगळा मांडव हसला. दाजीही हसले, आणि खरंच पाणी मागवून प्यायले.

आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, हे असह्य होतं. रावेरला आमच्या केळीच्या बागा. गावात आबांचा शब्द चाले, आणि जावई स्टेजवर उभा राहून चुका करतो अशी कीर्ती मात्र ट्रकवाल्यांबरोबर घरी येई. ते दाजींना तोंडावर कधी काही बोलले नाहीत. गिटारीचा विषय निघाला की उठून बागेत पाणी बघायला जात. दाजींना ते लागत असे. खानदेश हसला तरी चालेल, पण सासऱ्यानं एकदा, एकदाच, पुरतं ऐकावं, ही त्यांची भूक होती. हे ते बोलले नव्हते. अक्कानं मला सांगितलं होतं.

ती संधी धाकट्या बहिणीच्या लग्नात आली. वाजवायला तीच ऑर्केस्ट्रा पार्टी होती, पण दाजी त्या दिवशी जावई म्हणून आलेले. आमच्याकडे धाकट्या मेहुणीच्या लग्नात थोरला जावई रुसतो, हे ठरलेलंच असतं. ऐन पंगतीच्या वेळी तो पानावर बसत नाही, मग सासरा मनवायला जातो, घड्याळ नाहीतर सफारीचं कापड कबूल करतो आणि मंडळी जेवायला मोकळी होतात. दाजी आजवर कशालाच रुसले नव्हते. त्या दुपारी ते पहिल्यांदा रुसले. मांडवाबाहेर निंबाखाली खुर्ची टाकून बसले. आबा चार माणसांसह गेले आणि म्हणाले, "बोला जवाईबापू, काय पायजे?" दाजी म्हणाले, मला स्टेजवर दहा मिनिटं द्या, आणि मालकांनी माझ्या आवाजाच्या बटणाला हात लावायचा नाही. आबांचा चेहरा उतरला, पण रुसलेल्या जावयाला नाही म्हणता येत नाही. मालकांनीही शब्द दिला. अक्का तेवढ्यात आबांजवळ जाऊन म्हणाली, "मधे कोणी काही करू नका हो आबा. ते परत येतात."

"येतीन नं बाई," आबा म्हणाले, "पन तवर व्याही काय म्हनतीन?"

दाजींनी सुरुवात फार सुंदर केली. एवढं संथ, दुखरं आणि तरी मिस्कील काहीतरी त्या मांडवात पूर्वी कधी वाजलं नसेल. वाढपी बुंदीची परात घेऊन उभे राहिले. आबा पहिल्या रांगेत होते आणि मी त्यांचा हात गुडघ्यावर हळूहळू ठेका धरताना पाहिला. दाजींनीही पाहिला असावा. कारण त्यांनी डोळे मिटले, अख्खा तुकडा उचलला आणि एक पडदा वर सरकले. ते बाहेर पडले.

मांडवात कुजबूज झाली. व्याह्यांनी भुवया उंचावल्या. आबांनी घाबरून मालकांकडे बघितलं आणि दोन्ही हात जोडले. सांभाळून घ्या, एवढाच त्याचा अर्थ. मालक शब्दाला जागणारे. आवाजाच्या बटणाला त्यांनी हात लावला नाही. पण भजनात गाणारा पट्टी सोडून सरकला तर पेटीवाल्यानं त्याच्या मागोमाग सरकायचं आणि त्याची अब्रू झाकायची, हे ते जन्मभर करत आले होते, आणि इथे तर घरचा जावई. त्यांच्या नव्या जपानी कीबोर्डवर एक बटण होतं, दाबलं की अख्खी पट्टी एका पडद्यानं वर जाई. त्यांनी ते दाबलं.

खडा गेला, सगळं गोड झालं. मांडवानं सुटकेचा श्वास टाकला. दाजींनी डोळे उघडले. इतकी वर्षं घोटलेली बोटं मात्र थांबली नाहीत. ती ठरल्याप्रमाणे खाली उतरली आणि बरोबर घरच्या सुरावर येऊन टेकली. घर तिथे नव्हतं. असा कर्कश आवाज निघाला की एक लहान मूल रडायला लागलं. मालकांना वाटलं जावई पुन्हा घसरला, त्यांनी घाईनं पट्टी खाली आणली. तोवर दाजी त्यांना गाठायला वर गेलेले. मग मालक वर, दाजी खाली. बोळात समोरासमोर आलेली दोन भली माणसं एकमेकांना वाट देताना पुन्हा पुन्हा एकाच बाजूला सरकतात तसं ते चाललं होतं, आणि बायकांच्या बाजूला अक्का उभी राहून दोन्ही हातांनी मालकांना थांबा, थांबा अशी खूण करत होती. तिच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. शेवटी दाजींनी तारांवर सपाट पंजा ठेवला. मालकांनी एक झकास समेचा तुकडा वाजवून प्रसंग निभावून नेला. टाळ्या पडल्या, त्या मालकांना.

आबांनी स्टेजजवळ जाऊन मालकांचे हात हातात धरले. "लाज राखली तुमी," म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. तिथे कोणीही वाईट नव्हतं. वाईट माणसांनी हे केलं असतं तर मला चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या. मी निंबाखाली गेलो तर दाजी गिटार खोळीत घालत होते. मला बघून म्हणाले, "बठ्ठा लोके मन्हा मांगे उनात, मास्तर. घर कोन सांभाळी?" सगळेच त्यांच्या मागे बाहेर आले होते, घरी कोणी उरलंच नव्हतं. आणि मग ते जेवायला बसले, कारण आता रुसायचं काही कारण उरलं नव्हतं.

त्यानंतर दाजी कधी पट्टीबाहेर गेले नाहीत. मालकांनी त्यांना पुढच्या रांगेत उभं केलं. धुळ्याहून, शिरपूरहून बोलावणी यायला लागली. पाणी पाजा म्हणणारे लोक आता दाजींना हार घालतात. आबा तर व्याह्यांना मुद्दाम सांगतात की आमचे जवाई वाजवतात, ऐकाले या. दाजी सुधारले असं सगळे म्हणतात. मला वाटतं, आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना प्रेमानं संपवलं.

परवा रविवारी अक्काकडे गेलो होतो. दाजी बाहेरच्या खोलीत वाजवत होते, आम्ही दोघं स्वयंपाकघरात. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, किती स्वच्छ वाजवतात गं आता.

अक्का मेथी निवडत होती. "हो, छान वाजवतात," ती म्हणाली. तिनं एक जून काडी बाजूला टाकली. "पूर्वी कसं, ते परत आले की मला कळायचं. आता ते सारखे घरातच असतात, आणि मला मात्र एकटं वाटतं."

तिनं मेथीची परात उचलली आणि मागच्या अंगणात जाऊन बसली. तिथे गिटार जरा कमी ऐकू येते.