पाठराखीण नको म्हणाले

हिरव्या बांगड्यांची किणकिण ऐकली की वीर स्टेशनचा तापलेला फलाट आठवतो. माझ्या चुलतबहिणीचं लग्न आठ दिवसांत ठरलं, हुंड्याशिवाय, परराज्यातल्या माणसाशी. आमच्याकडे नवरीसोबत धाकटी बहीण पाठराखीण म्हणून सासरी जाते, म्हणून दहा वर्षांची मी नवा फ्रॉक घालून निघाले होते. गाडी दिसली तशी स्थळ आणणारी बाई म्हणाली, "ही कशाला? हिला परत कोण आणून सोडंल?" नवऱ्याने माझी पिशवी खाली ठेवली. काकांनी सासरचा पत्ता विचारला, तर दोघांनी दोन वेगळी गावं सांगितली. काकांचा चेहरा पडला, पण लग्न लागलेलं होतं आणि गाडी उभी होती. बहिणीने माझं मनगट घट्ट धरलं. "सोडू नको गो मला," ती पुटपुटली. तो माणूस माझ्याकडे बघत होता. मी घाबरून हात हिसडला, तिची बांगडी फुटली आणि काच माझ्या मनगटाला लागली. पुढे त्या दोन्ही गावांत ती सापडली नाही. आता मी गावोगावच्या बायकांना माणसांच्या व्यापाराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार समजावून सांगते. फसवून घेतलेला होकार हा होकार धरला जात नाही, हे वाक्य आलं की मी मनगट पदराखाली घेते.