आखाजीची पैज आणि पाच ग्रह

दाजींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. ताईच्या लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि एवढ्या काळात हा धुळ्याचा, घड्याळं दुरुस्त करणारा माणूस माझ्याशी मोजकंच बोलला होता. जो इतकं कमी बोलतो तो मनात काहीतरी शिजवत असतो, असं माझं तेव्हाचं ठाम मत होतं.

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला ते ताईला घेऊन आमच्या गावी, असोद्याला आले. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे सासुरवाशिणींचा सण. लिंबाला झोके बांधलेले, आईने सांजोऱ्या तळून डबे भरलेले. ताई निदान पंधरा दिवस राहणार हे घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. आणि आमरसाच्या जेवणावर दाजी मान खाली घालून म्हणाले की उद्या सकाळच्या गाडीने दोघांना परत जायचंय, त्यांच्या आईने तसं बजावलंय. आई वाढता वाढता थांबली. ताई वाटीतल्या रसात नुसती बोट फिरवत राहिली. मी रागाने ताट सारून उठलो.

जेवणानंतर दाजी ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसले.

"तू जळगावले ते छर्रानं मशीन खेळस ना?"

मी हो म्हणालो.

"आज आखाजी शे. लाव पैज. तू जिंकना ते तुनी ताई पंधरा दिन राही. मी जिंकनू ते सकायनी गाडी."

वर्षभर पत्त्यांना हात लावला तर कानाखाली देणारे गावातले म्हातारे आखाजीला स्वतः डाव मांडून बसतात, आणि त्या दिवशी लावलेली पैज कुणी मोडत नाही. दाजींना हे ठाऊक होतं, म्हणूनच मला त्यात काळंबेरं दिसलं. हरायची भीती असलेला माणूस आपण होऊन पैज कशाला लावेल? पण ताई दारात उभी राहून ऐकत होती. आम्ही निघालो तेव्हा ती हळूच म्हणाली, "हरू नको रे."

जळगावला स्टेशनजवळच्या गेम पार्लरमध्ये ते पिनबॉलचं मशीन होतं. मुंबईहून जुनं म्हणून आलेलं. काचेवर रॉकेट आणि निळ्या तोंडाची एक बाई, आत छर्रा, म्हणजे पोलादी गोळी, उडवायला दोन पाती. कॉलेज बुडवून मी त्याचा पुरता अभ्यास केला होता. नवखी पोरं मधल्या घंटांच्या मागे लागतात, कारण आवाज फार होतो. गुण मात्र चिल्लर मिळतात. खरा डाव उजवीकडे. तिथे पाच ग्रह, म्हणजे ग्रहांची चित्रं काढलेल्या पाट्या, ओळीने उभे. ते एकेक करून पाडायचे, घाई करायची नाही, छर्रा पात्यावर थोपवून धरायचा आणि मग नेम धरायचा. पाचही पडले की वरचं रॉकेटचं भोक उजळतं. त्यात छर्रा गेला की बोनस दुप्पट. आणि काही झालं तरी मशीनला धक्का द्यायचा नाही. दिला की टिल्ट: दिवे जातात, चालू छर्रा बाद आणि त्याचा बोनसही.

प्रत्येकाला तीन छर्रे. पार्लरचा मालक दाजींशी लगेच अहिराणीत बोलायला लागला, तोही धुळ्याकडचाच निघाला. माझ्या डोक्यात लगेच घंटी वाजली. मी वाकून मशीनचे चारी पाय तपासले, कुठे काडेपेटी सरकवलेली नाही ना म्हणून. दाजींनी मागवलेला चहाही मी घेतला नाही. त्यांनी तो स्वतः पिऊन टाकला.

दाजी ग्रहांकडे बघतही नव्हते. डाव्या बाजूला एक चक्री होती, तिच्यावर ते शांतपणे छर्रा मारत राहिले. चक्री फिरली की थोडे थोडे गुण. अशी रडतखडत खेळी मी कुणाची पाहिली नव्हती, पण दोन छर्रे झाले तेव्हा ते पुढे होते. माझे चार ग्रह पडले होते, पाचवा हलत नव्हता. हा माणूस आधी इथे येऊन खेळून गेलाय, याची मला खात्रीच पटली.

तिसऱ्या छर्र्याला माझा पाचवा ग्रह पडला. रॉकेटही साधलं आणि मी पुढे गेलो, पण फार नाही. दाजींना आता चक्री दोनदा नीट फिरवली तरी पुरे होतं. एकदा फिरली. मग छर्रा सावकाश उजव्या पात्याकडे घरंगळत आला, शाळेतल्या पोरानेही मारला असता असा. आणि दाजींनी मशीनला तळहाताने जोरात धक्का दिला. सगळे दिवे गेले.

रस्त्यावर आल्यावर मी त्यांना अडवलं. "दाजी, तुम्ही मुद्दाम केलं."

ते म्हणाले, "मायनासमोर माले बोलता येत नही. तुनी ताईले राहू दे म्हनीसन तिले दोनदा सांगं, तिनी ऐकं नही. पन आखाजीनी पैज ती मोडाव नही."

म्हणजे लबाडी होती, माझा संशय खरा होता, फक्त मी भलत्याच बाजूला पहारा देत होतो. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप, कारण मी जिंकलोच नव्हतो. तसं म्हणालोही.

"तुनी ताई राहिनी ना," दाजी म्हणाले.

घरी त्यांनीच सांगितलं की मी जिंकलो. आईने माझी दृष्ट काढली. ताई झोक्यावर गेली ती दिवेलागण झाली तरी उतरली नाही, आणि तिचं हसणं ओट्यापर्यंत ऐकू येत होतं. मी दाजींकडे बघायचं टाळलं.

सकाळी ते एकटेच निघाले. जळगावच्या स्टँडवर मी त्यांना सोडायला गेलो. गाडी हलायला लागली तेव्हा ते खिडकीतून वाकले.

"पुढला साल खरंखुरं जिंकजो, भाऊ. मायसंगे दरसाल खोटं बोलता येवाव नही."

मी घरी परतलो नाही. सरळ पार्लरवर गेलो आणि ते उघडायची वाट बघत पायरीवर बसलो.