जनूदादाचा शेवटचा रोल

जनूदादाचा शेवटचा रोल कोरा निघाला.

आज त्याचं वर्षश्राद्ध. टेमघरहून, त्याच्या घरून आत्ताच आलोय. दमलोय खूप, पण लिहितो.

दादा माझा तिथला जुना शेजारी. त्याच्या शेतावर गोडाऊनं झाली आणि हा माणूस जुना रोलवाला कॅमेरा गळ्यात अडकवून फिरायला लागला.

खाडी, चिखल, ढग, ओसाड बांध. सगळं ब्लॅक अँड व्हाइट. फोटोत माणूस औषधालाही नाही.

रविवारी स्कूटरवर मागे मी.

"कुठे जायचं दादा?"

"ठरवून जायला काय साखरपुडा हाय?"

मग जिकडे उजेड बरा दिसेल तिकडे वळायचं. कधी काल्हेरच्या गोडाऊनमागे, कधी थेट खाडीवर. कधी नुसता चहा पिऊन परत.

मला कंटाळा यायचा. आता त्या कंटाळ्यासाठी जीव तुटतो.

आजारपणात त्याचे हात थरथरायचे. तरी त्या हिवाळ्यात रोल त्यानेच भरला. मी हात पुढे केला तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे. एवढं तरी करू दे मला."

पुढचे सगळे रविवार क्लिक, क्लिक.

रोल संपायच्या आधी दादा गेला.

वहिनींना मी शब्द दिला होता, वर्षश्राद्धाला त्यातला एक फोटो मोठा करून भिंतीवर लावू. पण वर्षभर त्या कॅमेऱ्याला हात लावायची हिंमत झाली नाही.

परवा एकदाचा रोल गुंडाळायला घेतला. हँडल सैलच फिरलं.

मागचं झाकण उघडलं. रोल भरताना फिल्मचं टोक चक्रीत अडकलंच नव्हतं. फिल्म जागची हललीच नव्हती.

दादा क्लिक करत राहिला आणि आत एकही फोटो उमटला नाही.

वहिनींना कसं सांगायचं, काही सुचेना. आज जेवणं उरकल्यावर सांगून टाकलं.

त्यांनी हातातली परात पुसून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या,

"त्यांना समजलं व्हतं का?"

"नाही वहिनी."

"मग बरं झालं. बाकी दिवस घास उतरायचा न्हाय त्यांना. तुमच्याबरोबर फिरून आले का तेवढ्या दिवशी पोटभर जेवायचे."

जनूदादा, तुला मनापासून नमस्कार.

फार आठवण येते रे.