ई.जी.च्या जागी आय.ई.

विमा कचेरीतल्या टायपिस्टबाईंची एकोणीस वर्षांत कुणी चूक काढली नव्हती. इंग्रजी मजकूर कितीही किचकट असो, बोटं सरसर चालायची. अर्थाच्या भानगडीत त्या पडत नसत. आय.ई. आणि ई.जी. म्हणजे जावाजावाच, एकीच्या जागी दुसरी चालते, असं त्या धरूनच चालल्या होत्या.

एका सकाळी लिफ्टमन तोंड पाडून उभे होते.

"काय झालं हो?"

"मावशी दवाखान्यात आहे, बाई. आई गेल्यावर तिनंच वाढवलं मला. पण रजा नामंजूर. हेडक्लार्क म्हणतात, नियमात मावशी बसत नाही."

तो नियम बाईंनीच महिन्यापूर्वी टाइप केला होता. सूचनाफलकापाशी जाऊन त्यांनी तो वाचला. जवळचे नातेवाईक, मग आय.ई., मग आईवडील, नवराबायको, मुलं. ती दोन अक्षरं डोळ्यांत खुपली. यांचा अर्थ तरी काय?

जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून त्या समोरच्या वाचनालयात गेल्या. जाडजूड शब्दकोश पुढ्यात ओढला. दोन्ही लॅटिन निघाली. आय.ई. म्हणजे 'म्हणजेच': सांगितलं तेवढंच. ई.जी. म्हणजे 'उदाहरणार्थ': आणखीही कुणी असू शकतं.

परत येऊन त्यांनी मोठ्या साहेबांनी हाताने लिहिलेला त्या नियमाचा मसुदा शोधला. निळ्या शाईत, स्वच्छ: ई.जी.

दोन्ही कागद घेऊन त्या थेट हेडक्लार्कच्या टेबलापाशी गेल्या.

"चूक माझी आहे."

"अहो, दोन अक्षरांनी काय आभाळ कोसळतं?"

"मावशी नियमाबाहेर राहते, साहेब."

हेडक्लार्कनी चष्मा कपाळावर चढवून दोन्ही कागद डोळ्यांजवळ धरले. "मीही आजवर एकच समजत होतो," ते पुटपुटले.

चारच्या आत रजा मंजूर झाली. लिफ्ट बंद राहिली. सगळे धापा टाकत जिने चढले. आठवड्याने मावशी घरी आली.

बाईंना मात्र शब्दकोशाचा नाद लागला.

"अहो, इंग्रजीत यादीआधी 'म्हणजे' या अर्थी ते 'व्हिझ' लिहितात ना, त्यातला झेड मुळात झेडच नाही!" वाटाणे सोलणाऱ्या नवऱ्याला त्या म्हणाल्या. "जुने लेखनिक शब्द आखूड करताना एक खूण करायचे. ती झेडसारखी दिसायची, म्हणून झेड झाला."

"अगं, मग आता काढून का टाकत नाहीत?"

"हे नव्हतं बाई शब्दकोशात," त्या म्हणाल्या. "ग्रंथपालांनाच विचारते उद्या."