शेजारच्या खुर्चीवरची टकटक

आमच्या रविवारच्या बैठकीला आम्ही ‘शिळी मैफल’ म्हणायचो. आदल्या आठवड्यात गावात जे काही गाणंबजावणं झालं असेल ते पुन्हा फोडणी देऊन एकमेकांना वाढायचं, एवढाच कार्यक्रम. रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा करतात तसा. आणि पोळीपेक्षा कुस्कराच कितीदा चविष्ट लागतो, हे खाणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

जागा इंदिरानगरातल्या माझ्या मित्राचा हॉल. खाली सतरंजी, वर पंखा, मध्ये चहा. माणसं चारच. मित्र बँकेतून निवृत्त झालेला, आणि जन्मभर काउंटरवर बोलून झाल्यामुळे की काय, आता फारसं न बोलणारा. दुसरे मनमाडहून सकाळच्या गाडीने येणारे निवृत्त रेल्वेवाले. त्यांना कुठलंही गाणं गाडीसारखं दिसायचं. “सम कशी आली सांगू? डबा बरोब्बर खुणेसमोर!” तिसरे देवळ्याचे कांद्याचे आडते. “बाईंचा आवाज म्हणजे उन्हाळ कांदा बघा. आत्ता काढला तरी दिवाळीपर्यंत टिकंल. परवाचा तो पोरगा म्हणजे लाल कांदा. दिसायला लय भारी, पण चार दिवसांत कोंब.” आणि चौथा मी. माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना दिसावं म्हणून मी बसलोय, मला स्वतःला काय दिसतं ते पुढे येईलच.

शिळ्या मैफलीत ‘अप्रतिम’ या शब्दाला बंदी होती. काय झालं ते सांगा, कसं होतं ते आम्ही ठरवू. जो ‘अप्रतिम’ म्हणेल त्याने सगळ्यांचे कप विसळायचे. त्या घरातले कप बहुतेक मीच विसळले आहेत.

माझी ख्याती दाद देण्याबद्दल होती. गाण्यातलं मला जेवढं कळतं त्याच्या कितीतरी पट माझी दाद मोठी. एकदा एक गायिका आलापीच्या मध्येच थांबल्या. सगळं सभागृह गप्प. मी भारावून मोठ्याने म्हणालो, “व्वा! काय ती शांतता!” बाईंना खोकला आला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा, या वेळी जरा जोरात, खोकल्या. मित्राने त्या दिवशी मध्यंतरानंतर माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसून पाहिलं. पण करमेना म्हणून परत आला.

त्याची दाद वेगळी. तो तोंडाने काही बोलायचा नाही. उजव्या हातात पोवळ्याची अंगठी होती. ती खुर्चीच्या लोखंडी हातावर ठेक्याबरोबर हलकेच टेकवायचा. टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. पुढच्या रांगेतले लोक वळून बघायचे आणि दर वेळी माझ्याकडेच बघायचे.

वहिनी, म्हणजे त्याची बायको, मैफलीला कधी आल्या नाहीत. “इतका वेळ खुर्चीत अवघडून बसा, निवेदकाच्या कविता ऐका, तबला ठोकणं ऐका. त्यापेक्षा हे घरी येऊन सांगतात ते चहाच्या वेळात आटोपतं,” म्हणायच्या. आणि खरंच, आमच्या वाट्याला यायची ती शिळी, ताजी मैफल वहिनींना मिळायची. ज्या दिवशी गाणं त्याच दिवशी, चहा घेताना. बाहेर मुका असलेला हा माणूस स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून बायकोला अख्खा ख्याल सांगायचा. मधेच गायचासुद्धा. मी एकदा दारातून ऐकलंय. भयंकर गायचा. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या.

गेल्या हिवाळ्यात गंगापूर रोडकडच्या एका हॉलमध्ये एका गायिकेचं पहाटेचं गाणं होतं. आम्ही दोघं शेजारी बसलो. गाणं झालं, तो घरी गेला, जेवला. वहिनींनी विचारलं, “कसं झालं?” तो म्हणाला, “चहाला सांगतो,” आणि जरा आडवा झाला. चहा झाल्यावर वहिनी त्याला उठवायला गेल्या.

त्यानंतर शिळी मैफल बंदच पडली. तेराव्याला आम्ही तिघं एकमेकांची नजर चुकवत जेवलो. मग बऱ्याच दिवसांनी वहिनींचा फोन आला. “भावजी, रविवारी या. त्या दोघांनाही सांगितलंय.”

गेलो. सतरंजी घातलेली होती. वहिनी या वेळी स्वयंपाकघरात न जाता आमच्यात बसल्या, त्याच्या जागेवर नाही, जरा बाजूला. ती जागा आम्ही तिघांनीही न ठरवता सोडली होती. माणूस असताना सतरंजीवर त्याची जागा इतकी मोठी असेल असं कधी वाटलं नव्हतं.

“त्या दिवशीचं त्यांनी मला सांगायचं राहून गेलं,” वहिनी म्हणाल्या. “ते तुम्ही सांगायचं. बाई काय गायल्या, आणि हे काय करत होते. दोन्ही.”

मनमाडच्यांनी घसा साफ केला. “वहिनी, माझी गाडी ओढा स्टेशनात थांबवून ठेवली होती. मी आलो तेव्हा द्रुत निम्मं झालेलं. आणि मागे उभा होतो.”

आडते म्हणाले, “मी होतो पहिल्यापासून. पण खांबामागं. बाई मला दिसल्याच नाय. खांब दिसला. तोडी गायल्या एवढं खरं. तोडी अशी लावली वहिनी, की माझ्यासारख्याला रडू फुटायचं बाकी राहिलं. पण साहेब काय करत होते, ते खांबामागनं काय दिसणार?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आता माझ्या स्वभावात एक खोट आहे. कोणी काही विचारलं की ‘माहीत नाही’ हे उत्तर मला सुचतच नाही. मी सुरू झालो. बाईंनी षड्ज कसा लावला, तबलजीने समेवर येताना कशी तिहाई घेतली, तेव्हा मित्राने माझा हात कसा घट्ट दाबला आणि कानात म्हणाला, ‘ऐकलंस?’ सांगताना मी स्वतःचाच हात दाबून दाखवला.

“ती तिहाई दिवाळीतल्या कार्यक्रमातली,” मनमाडचे हळूच म्हणाले. “आणि तुमचा हात मी दाबला होता. तुम्ही गप्प बसावं म्हणून.”

वहिनी रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, “तुम्ही त्यांच्या शेजारी होतात ना, भावजी?”

होतो. हाताला हात लागेल इतका जवळ होतो. आणि मी आठवायला गेलो तर मला माझ्या स्वतःच्या दादेपलीकडे काही आठवेना. मी बाईंकडे बघत होतो, बाईंनी माझ्याकडे बघावं म्हणून. शेजारी तो होता, नेहमी असायचा तसा. नेहमी असणाऱ्याकडे कोण बघतं?

मग मला फोन आठवला. ध्वनिमुद्रण करू नका अशी सूचना झाली की माझा हात आपोआप खिशातल्या फोनकडे जातो. अशी कितीतरी गाणी माझ्या फोनमध्ये आहेत आणि मी त्यातलं एकही परत ऐकलेलं नाही. सगळ्यांचं असंच असतं म्हणतात. त्या दिवशीचंही मी ऐकलं नव्हतं.

लावलं. आधी नुसती खिशाची खरखर. मग निवेदक, “कृपया मोबाइल बंद ठेवावेत,” आणि लगेच माझा आवाज, “हो, हो.” मग खोकल्याच्या गोळीचा कागद. तो सोलायला मला इतका वेळ लागला होता, हे मला नव्हतं माहीत. लांब कुठेतरी तानपुरे. बाईंचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा. आणि दर थोड्या वेळाने, कानाशी कुकरची शिट्टी व्हावी तसा मी: “क्या बात है!”

“भावजी,” वहिनी म्हणाल्या, “बाई कधी गाणार?”

आडते फसकन हसले. मीही हसलो. आणि त्या हसण्यातच ते आलं.

टक.

वहिनींनी हात वर केला. बाईंनी विलंबित सुरू केलं होतं. शब्द कळत नव्हते, पण ठेका लागत होता, आणि त्या ठेक्याबरोबर, अगदी जवळ, माझ्या खिशापासून वीतभर अंतरावर, टक. थांबून, टक. त्या हॉलमध्ये पंख्याखाली बसून आम्ही चौघं ते ऐकत होतो, आणि गाणं कोणीच ऐकत नव्हतं. मनमाडच्यांच्या हाताला काटा आलेला मला दिसला. माणूस सतरंजीवर नव्हता आणि त्याचं बोट चालू होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. बाई वर चढत होत्या. टक. टक. मग मी, सगळ्या आवाजांवर, गळा फाडून: “जियो!”

आणि त्यानंतर टकटक नाही.

आमच्या ते लक्षात आलं नाही. वहिनींच्या आलं. “मागे घ्या.” घेतलं. टक, टक, “जियो!” आणि मग नुसतं गाणं. आणखी एकदा. आणखी एकदा. माझ्या ‘जियो’च्या खाली काहीतरी होतं. एखादा श्वास, किंवा खुर्ची सरकल्याचा आवाज, किंवा तोंडातून निघालेला अर्धा शब्द. पण त्याच्यावर मी बसलो होतो.

“गाणं लागलं म्हणून हात थांबला,” वहिनी म्हणाल्या, “की दुखायला लागलं म्हणून?”

आडते माझ्याकडे बघायला लागले.

“घरी रेडिओवर काही मनाला लागलं की यांचा हात असाच थांबायचा. ठेका धरायचंच विसरायचे. पण मागल्या वर्षी पित्ताने कळा आल्या तेव्हाही तोंडाने ‘आई गं’ नव्हते म्हणाले. हात थांबला होता, त्यावरून मला कळलं.” मग माझ्याकडे वळून, “तुम्ही बघितलं का हो, भावजी? चेहरा कसा होता?”

जन्मात पहिल्यांदा मी म्हणालो, “माहीत नाही, वहिनी. मी बघितलं नाही.”

गाणं तसंच चालू राहिलं. बंद करायचं कोणाला सुचलं नाही. द्रुत झालं, टाळ्या झाल्या, खुर्च्या वाजल्या. मी फोन बंद करायला विसरलो होतो, त्यामुळे त्यापुढचंही सगळं त्यात आलेलं.

माझा आवाज: “चल, मिसळ खाऊ.”

मग त्याचा. स्वच्छ, साधा, नेहमीचा. “नको रे. घरी जातो.”

“मिसळीला नाही म्हणतोस? म्हातारा झालास लेका!” आणि माझं हसणं. ते हसणं फार वेळ चालू होतं. मग पायऱ्या, मग स्कूटर.

“घरी जातो म्हणाले,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी ते विचारल्यासारखं म्हटलं की सांगितल्यासारखं, मला ठरवता आलं नाही. सांगायची घाई झाली म्हणून माणूस मिसळ सोडून घरी जातो. बरं वाटत नाही म्हणूनही जातो.

देवळ्याच्या आडत्यांचा एक भाचा असलं काही तरी संगणकावर करतो. आवाजातून आवाज वेगळे काढता येतात म्हणे. वहिनींच्या सांगण्यावरून ते रेकॉर्डिंग त्याच्याकडे पाठवलं. त्याने बिचाऱ्याने खूप खटपट केली आणि साफ करून परत पाठवलं. माझा ‘जियो’ तेवढा स्वच्छ झाला होता.

वहिनी ते ऐकतात का, मी विचारलं नाही. मी ऐकतो. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर भिंगं चढवताना टक असा आवाज होतो आणि पुढचा टक होईपर्यंत माझा श्वास अडकतो. गिऱ्हाईक म्हणतं, “काका, आता अक्षरं दिसतायत,” आणि मी म्हणतो, “थांबा जरा.” कशासाठी थांबायचं ते त्याला कळत नाही.

शिळी मैफल पुन्हा सुरू झाली, ती वहिनींमुळे. आता त्या सतरंजीवर बसतात आणि कप विसळायची शिक्षाही त्याच सुनावतात. मी मैफलीला जातो, पण दाद द्यायचं सुटलंय. तोंड उघडतं आणि वाटतं, याच्याखाली आत्ता कोणाचं काय दडपलं जाईल? मग तोंड मिटतो. आणि हात बघत बसतो. मांडीवर ताल धरणारे हात, खुर्चीवर बोटं आपटणारे, चप्पल हलवणारे पाय. गाणारा कोण होता हेही कधी कधी लक्षात राहत नाही.

मागच्या आठवड्यात शेजारी एक तरुण बसला होता. गुडघ्यावर झकास ताल धरला होता त्याने. ऐन आलापात त्याचा हात थांबला. मी थोडा वेळ पाहिलं. हात हलेना. मी त्याच्या दंडाला धरून जोरात विचारलं, “बरं आहे ना? छातीत दुखतंय का?” चार रांगांमधून ‘शूऽऽ’ आलं. गायकाने डोळे उघडले. पोरगा दचकून म्हणाला, “काका, गाणं ऐका ना!”

रविवारी मी हे सांगितलं. आडते हसून हसून सतरंजीवर आडवे झाले. “अवो, पूर्वी वरडायचे ते परवडलं!” मनमाडचे म्हणाले, “चालत्या गाडीची साखळी ओढली तुम्ही.” मीही हसलो. फजिती माझीच होती, आणि माझ्या फजितीला मी नेहमी सगळ्यांत आधी हसतो.

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला.

“मग? हात परत सुरू झाला का त्याचा?”

मी आठवून पाहिलं. लोक शुक् शुक् करत होते, माझे कान तापले होते, आणि मी मान खाली घालून माझ्या चपलांकडे बघत बसलो होतो. गाणं संपेपर्यंत.

“ते नाही पाहिलं, वहिनी,” मी म्हणालो.