मोहरीएवढी अफू

माझ्याआधी आईला एक मुलगी झाली होती, गंगा. सात महिन्यांची होऊन ती गेली. ती कशानं गेली हे आमच्या खजुरीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि जिच्या हातून गेली त्याच चन्नव्वाच्या मांडीवर पुढं मी वाढले. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आईबद्दल काहीतरी वेगळंच मनात धरतो. म्हणून एकदा नीट सांगते. यातलं बरंचसं आईकडून ऐकलेलं आहे, थोडं शेजारच्या निलम्माकाकूकडून.

चन्नव्वा गावची सुईण. आमचं गाव आळंद तालुक्यात, हैदराबाद संस्थानाच्या अगदी कडेला. दोन-तीन कोस चाललं की मुंबई इलाख्याची हद्द लागायची. घरात कानडी, बाजारात मराठी, कचेरीत उर्दू. चन्नव्वा बाळंतिणीला कानडीत धीर द्यायची आणि मराठीत शिव्या घालायची. दोन्हींचा उपयोग व्हायचा म्हणतात. आडवं आलेलं मूल नुसत्या हातानं फिरवून सरळ करणारी बाई म्हणून शेजारच्या चार गावांतून तिला बोलावणं यायचं. नवरा लवकर गेला होता. भीमण्णा हा एकच मुलगा, तो शेत बघायचा.

बाळंतपणाशिवाय तिचं आणखी एक काम होतं. अफू, गूळ आणि उगाळलेलं जायफळ मळून ती मोहरीएवढ्या गोळ्या वळायची. सकाळी खुरपायला जायच्या आधी बाया ती गोळी दुधात विरघळवून तान्ह्या लेकराला पाजायच्या. लेकरू दुपारपर्यंत झोळीत गाढ झोपायचं, आईची खुरपणीची पात पुरी व्हायची. चन्नव्वाची आई हेच करायची, आईची आईही. भाकरी झाली का विचारावं तसं बाया एकमेकींना विचारायच्या, "गोळी दिलीस का गं?" आळंदला अफूचं परवान्याचं दुकान होतं, तिथून ती अफू उघड आणायची. यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

अठ्ठेचाळीस सालच्या पावसाळ्यात हद्दीवरच्या गावांत राहणं कठीण झालं. आज हे गाव लुटलं, काल ते जाळलं, अशा बातम्या यायच्या. खजुरीतली निम्मी घरं गाड्या जुंपून हद्दीपलीकडं पाव्हण्यांकडं निघाली. ओढा ओलांडताना डोक्यावरच्या बोचक्यासकट चन्नव्वाचा पाय घसरला आणि खुबा दगडावर आपटला. जिथं उतरले तिथं ना वैद्य, ना दवाखाना. त्या घरच्या म्हातारीनं हरभऱ्याएवढी अफू तिच्या जिभेवर ठेवली.

पुढं कधीतरी चन्नव्वा आईला म्हणाली होती, "शिवम्मा, दुखणं गेलं न्हाई बघ. तिथंच व्हतं. पर ते दुसऱ्याच कुणाचं हाय असं वाटायला लागलं."

पोलीस ॲक्शन झाली, लोक परतले. खुबा वाकडा भरून आला, पण दुखायचा थांबला नाही. सकाळी हरभऱ्याएवढी अफू आणि दुपारी तेवढीच, हे ठरून गेलं. दोन वर्षांत बाई निम्मी झाली. भूक मेली. कोठा आठ-आठ दिवस हलायचा नाही. दुपारी खांबाला टेकून बसली की हनुवटी छातीवर यायची, तोंडावर माश्या बसल्या तरी हात उठायचा नाही. भीमण्णानं एकदा रागानं डबी काढून घेतली. संध्याकाळपर्यंत तिला जांभयांवर जांभया सुरू झाल्या. नाक-डोळे गळायला लागले, अंगावर सोललेल्या कोंबडीसारखा काटा उभा राहिला. दुसऱ्या दिवशी पोटात मुरडा पडून ती जमिनीवर लोळायला लागली, तेव्हा भीमण्णा स्वतःच आळंदला जाऊन अफू घेऊन आला. त्यानंतर त्यानं विषय काढला नाही.

असल्या अवस्थेतही ती बाळंतपणं करत होती आणि गोळ्या वळत होती. स्वतः खायची ती अफू आणि गोळ्यांची अफू एकाच डबीतली.

एक्कावन्नच्या पौषात तुरीची काढणी चालू होती. गंगाला तीन दिवस खोकला होता. घरातल्या गोळ्या संपल्या होत्या, म्हणून आईनं आदल्या दुपारी चन्नव्वाकडून नव्या आणल्या. सकाळी एक पाजली, बाभळीला झोळी बांधली आणि कापणीला लागली. लेकरू खोकायचं थांबलं म्हणून तिला बरंच वाटलं. ऊन डोक्यावर आलं, पान्हा दाटला, तशी ती पाजायला गेली. गंगाचे ओठ निळसर झाले होते. श्वास एक यायचा, मग बराच वेळ यायचाच नाही. गाल थोपटले, तळव्यांना टिचक्या मारल्या, लेकरू डोळा उघडेना.

आई तिला उराशी धरून चन्नव्वाकडं धावली. चन्नव्वानं एकदाच बघितलं आणि भीमण्णाला हाक मारली, "गाडी जुंप!"

बैल पळवत नेले तरी आळंद गाठेपर्यंत उन्हं कलली. सरकारी दवाखान्यात नरहरराव म्हणून डॉक्टर होते. त्यांनी गंगाची पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती.

"अफू कुणी दिली हिला?"

चन्नव्वा म्हणाली, "म्या दिली, डाक्तरसाब."

लेकराचे चिमुकले हात वर-खाली करत, छाती दाबत डॉक्टर श्वास चालू ठेवायची धडपड करत राहिले. कंपाउंडरनं हात शेकले, पाय शेकले. थोड्या वेळानं डॉक्टर थांबले आणि त्यांनीच गंगाच्या अंगावर पांघरूण ओढलं.

"खोकला होता का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"व्हय," आई म्हणाली.

"अफूनं श्वास मंद होतो, बाई. मोठ्या माणसाचा होतो, मग एवढ्याशा जिवाचं काय. त्यात छाती कफानं भरलेली. खोकून तो बाहेर काढायची ताकदच राहत नाही."

कायद्याप्रमाणे ठाण्यात कळवावं लागलं. ठाण्याचे पोलीस अमीन गावात आले, जबान्या झाल्या. चन्नव्वानं सगळं सांगितलं. आईनं सांगितलं, गोळी मी माझ्या हातानं पाजली. अफू परवान्याच्या दुकानातली होती, गोळ्या घरोघरी निघाल्या. कागद वर गेले आणि वरच राहिले.

गंगाला शेताच्या कडेला पुरलं. चन्नव्वा त्या जागेपर्यंत आली नाही, लांब बांधावर बसून राहिली. तिच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती शेवटपर्यंत गेली नाही. त्या गोळ्या तिनं दुपारी वळल्या होत्या. ती तेव्हा अफूच्या पिनकेत होती का? गोळी मोहरीएवढीच होती, की हात जड झाल्यानं ज्वारीएवढी झाली? तिला आठवत नव्हतं. किती आठवून बघितलं तरी आठवत नव्हतं.

आठ दिवसांनी बाया गोळ्या न्यायला आल्या तेव्हा ती म्हणाली, "आता न्हाई. माझ्याकडं बी न्हाई, दुसरीकडनं आणून बी देऊ नगा."

"मग लेकरं बघायची कुणी?" निलम्माकाकू कडाडली. तिची जीभ धारदार, आणि पदरात पाच महिन्यांचं पोर. "घरी बसलो तर खायचं काय? तुला सांगायला सोपं हाय."

"माझ्याकडं आणून ठिवा. म्या बघते."

"तुझ्याकडं? दुपारी तुझंच तुला भान नसतंय. लेकरू चुलीत गेलं तरी उठायची न्हाईस तू!"

बाया निघून गेल्या. निलम्मा खोटं बोलत नव्हती, हे चन्नव्वाला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी ती भीमण्णाला म्हणाली, मला आळंदला ने.

नरहररावांनी तिला ओळखलं. "काय पाहिजे?"

"मला सोडायची हाय."

"एकदम सोडू नका. या वयात झेपणार नाही. थोडी थोडी कमी करा. महिना लागू दे, चार लागू दे. आणि दुकानदार सांगत असेलच, सरकार दरसाल अफू कमी करत आणणार आहे. आज ना उद्या मिळायचीही बंद होईल."

तिनं धान्याच्या दाण्यांचं माप धरलं. हरभऱ्याएवढीवरून तुरीच्या दाण्याएवढी. कित्येक महिन्यांनी ज्वारीएवढी. तुरीपर्यंत निभावलं. ज्वारीवर आली तेव्हा थंडी पडली होती, खुब्यात कुऱ्हाड घातल्यासारखं व्हायचं. देवळीत मागं एक तुकडा चिकटवून ठेवला होता, तो तिनं एका सकाळी खरवडून सगळाच्या सगळा खाल्ला. दोन दिवस पिनकेत गेले. शुद्ध आली तेव्हा तिला स्वतःची एवढी शिसारी आली की उरलेली डबी तिनं शेणाच्या खड्ड्यात टाकली आणि डॉक्टरांचं न ऐकता एकदम सोडली.

ते दिवस वाईट गेले. पाय आपोआप झाडले जायचे, पोटात पाणी ठरत नव्हतं, शिंकांवर शिंका. सुनेनं नाकाला पदर लावला. भीमण्णा दारातूनच बघून जायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई तिच्याकडं गेली. वर्षभर तिनं त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, एक शब्द बोलली नव्हती. तिनं पाणी तापवलं, चन्नव्वाला धुतलं, लुगडं बदललं आणि ज्वारीची आंबील घोट घोट पाजली.

चन्नव्वा रडायला लागली. "कामून आलीस गं? मरू द्यायचं न्हाईस का?"

"म्या तुला माफ केलं न्हाई," आई म्हणाली. "करता येईल का ते बी ठाव न्हाई. पर गोळी तू वळलीस आन् पाजली म्या. तुला एकटीला मरू देऊन माझं काय सुटणार हाय?"

आई रोज जात राहिली. दहा-बारा दिवसांनी चन्नव्वा भिंत धरून उठली. झोप महिनाभर आली नाही. दुखणं मात्र पूर्ण परत आलं, आता ते तिचंच होतं. निर्गुडीच्या पाल्यानं शेकायची, कण्हायची, पण दुपारी डोळे उघडे असायचे.

त्रेपन्नच्या उन्हाळ्यात मी झाले. बाळंतपण चन्नव्वानंच केलं. बायांना वाटलं होतं, शिवम्मा तिला दारातही उभी करणार नाही. पावसाळ्यात खुरपणी सुरू झाली त्या सकाळी आई मला घेऊन घराबाहेर पडली, सगळ्यांच्या देखत गावच्या मठाच्या पडवीपर्यंत गेली, जिथं चन्नव्वा लेकरं सांभाळायला म्हणून बसली होती, आणि मला चन्नव्वाच्या मांडीवर ठेवलं. दुपारी दूध पाजायला आली तेव्हा मी जागी होते आणि बेंबीच्या देठापासून रडत होते. आई सांगते, ते रडणं ऐकून ती पडवीच्या पायरीवरच बसली आणि बराच वेळ उठली नाही.

दोन दिवसांनी निलम्माकाकूनं तिचं लेकरू आणलं. पोळ्यापर्यंत सहा झाली, पुढच्या वर्षी अकरा. दोन म्हाताऱ्या मदतीला आल्या. बाया पाळीपाळीनं शेतातून येऊन पाजून जायच्या, त्यात काम बुडायचं, मालक कुरकुरायचे. तीन घरांनी लेकरं पाठवली नाहीत. त्यांतल्या एका घरी गोळी चालूच होती, ती कुठून येते हे चन्नव्वाला शेवटपर्यंत कळलं नाही. ती दर आठवड्याला त्या दाराशी जायची. दार लावून घेतलं तरी जायची.

छप्पन्नच्या भाद्रपदात ती पडवीच्या पायरीवरून पडली. तोच खुबा, या वेळी मोडलाच. भीमण्णा आणि आई तिला गुलबर्ग्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तरुण डॉक्टर सुई घेऊन आला, तेव्हा तिनं त्याचा हात धरला.

"काय हाय त्यात?"

"दुखणं थांबायचं औषध आहे, अव्वा. मॉर्फिन."

"अफूचंच का?"

तो जरा गोंधळला. "अफूपासूनच काढतात."

"मग नगं."

हाड बसवायचं होतं. तिच्या कपाळावर घाम साचला होता, दातांनी ओठ फाटला होता. आईनं डॉक्टरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, दोन दिवसच देऊ, किती द्यायचं ते मी ठरवणार, तिच्या हाती काही पडणार नाही.

आई वाकून म्हणाली, "घे चन्नव्वा. हे दुखण्यासाठी हाय. हाड मोडल्यावर घ्यायलाच पाहिजे."

"परत लागलं तर?"

"म्या हाय की. परत धुईन."

तिनं डोळे मिटले आणि दंड पुढं केला. दोन दिवसांनी सुया बंद झाल्या. तिसऱ्या दिवशी तिला जांभया आल्या, डोळ्यांतून पाणी आलं. तिनं मागितलं नाही. आईचं मनगट मात्र असं आवळून धरलं होतं की त्यावर पुढं आठ दिवस वळ होते.

हाड जुळलं नाही. गाडीत घालून तिला घरी आणलं. आमचा मुलूख म्हैसूर राज्यात गेल्याची दवंडी झाली त्या आठवड्यात, दिवाळीच्या सुमारास, तिला न्यूमोनिया झाला आणि ती गेली. शेवटी शुद्धीत होती. गावच्या सगळ्या बाया त्या दिवशी कामावर गेल्या नाहीत. लेकरं न पाठवणाऱ्या त्या तीन घरांतल्या दोघी आल्या होत्या.

पौषात तूर काढणीला आली, तेव्हा पडवीत लेकरं घेऊन निलम्माकाकू बसली. मी तेव्हा साडेतीन वर्षांची होते. एखादं तान्हं फार वेळ झोपलं तर ती मला म्हणायची, जा, त्याच्या नाकाशी बोट धरून बघ, वारा लागतोय का.