ब्लॉक सीचं शिकारपूर

"चाव्या वाटून झाल्या, मग ब्लॉक सी रिकामा का?" साहेबांनी विचारलं.

मला ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का! मध्य भारत सरकारचे दिवस. मी इंदूरला पुनर्वसनाच्या कामावर ओव्हरसियर, म्हणजे जागेवर उभं राहून बांधकाम करून घेणारा माणूस. सिंधी निर्वासितांसाठी पक्की घरं बांधली. कुरबूर नको म्हणून चिठ्ठ्या टाकून वाटली. तरी लोक कॅम्प सोडेनात.

"महिनाअखेर जो राहायला येणार नाही, त्याचं अलॉटमेंट कॅन्सल," साहेब म्हणाले.

सगळ्यात हट्टी जसोदा अम्मा. विधवा बाई, मुलगा सियागंजात किराण्याच्या दुकानावर नोकरीला. हे घर गेलं तर दुसरं मिळणार नव्हतं.

"अम्मा, नल है, पक्की छत है," मी समजावलं.

"पड़ोस में कौन है?"

"सब सिंधी ही तो हैं."

ती माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तसं बघे. मला रागही येई आणि काही कळतही नसे.

रविवारी मावसभाऊ वसंता आला. फौजेत सिग्नलवाला, व्हिएतनामात युद्धबंदीवर देखरेख करायची ड्यूटी संपवून नुकताच महूला परतलेला. तिथेही देशाचे दोन तुकडे झालेले, उत्तरेकडचे ख्रिस्ती लोक जथ्थ्यांनी दक्षिणेत आलेले. मी खोदून खोदून विचारलं, "मग ते राहतात कुठे?"

"अरे, आख्खं गाव आपल्या पाद्र्यासकट येतं आणि एकत्रच वसतं. नव्या वस्तीला नावही जुन्या गावाचंच."

"आणि पांगवले तर?"

"हळूहळू आपल्या गाववाल्यांकडे सरकतात. पोरं मात्र कामासाठी सायगॉनला जातात. तिथे शेजारी कोण, हे कुणी विचारत नाही."

दुसऱ्या दिवशी कॅम्पात जाऊन मी पहिल्यांदाच विचारलं, "अम्मा, गाँव कौन सा?"

"शिकारपुर," ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. सिंधमधले हे शिकारपूरवाले आमच्या चिठ्ठ्यांनी सगळ्या ब्लॉकांत पांगले होते.

"चिठ्ठ्या मोडता येणार नाहीत," साहेब म्हणाले.

"मोडायच्या नाहीत, साहेब. म्युच्युअल एक्स्चेंज." म्हणजे दोघांच्या राजीखुशीनं अदलाबदल. साहेब हसले. त्यांची स्वतःची इंदूरची बदली तशीच झाली होती.

मैदानात गावांच्या नावानं पुकारा केला. संध्याकाळपर्यंत चाव्या या हातातून त्या हातात फिरल्या. मुदतीच्या आत अम्माच्या घरात चूल पेटली. पुढे पोस्टमनही ब्लॉक सीला शिकारपूर म्हणू लागला.

काही वर्षांनी मुलानं सियागंजात स्वतःचं दुकान टाकलं, वरच खोली घेतली.

"पड़ोस में कौन है?" मी विचारलं.

"सब तरह के हैं, भिया. टाइम किसको है देखने का?"

अम्मा मात्र हलली नाही.

हे सगळं मी मोठ्या नवलानं घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, "यात नवल ते काय?" खरंच होतं. आमचे पणजोबा होळकरांच्या फौजेबरोबर वाईहून आले. छत्रीबागेतली आमची गल्ली अजून या टोकापासून त्या टोकापर्यंत वाईकरांचीच आहे. त्यांना कुणी चिठ्ठी टाकून घर दिलं नव्हतं.